विकतचा राखणदार हवाच कशाला?

नवा लॅपटॉप पसंत पडला, बॅग आणि माऊस फुकट पदरात पडले की बिल करण्याआधी दुकानदार एक प्रश्न हमखास विचारतो, ‘अँटीव्हायरस टाकायचा ना?’ प्रश्नाचा सूरच असा असतो, की ‘नको’ म्हणणारा माणूस बेजबाबदार ठरावा. गिऱ्हाईक मान डोलावते, ‘एक वर्षाचा की तीन वर्षांचा’ एवढेच ठरवायचे उरते आणि बिलात आणखी एक ओळ वाढते. वर्ष सरत आले की पडद्याच्या कोपऱ्यात लाल चौकट उगवू लागते. काही घरे निमूटपणे नूतनीकरणाचे पैसे भरतात, काही घरे त्या चौकटीवरच्या फुलीवर रोज क्लिक करत राहतात. पैसे भरणाऱ्याला वाटते, आपण सुरक्षित आहोत. फुली दाबणाऱ्याला वाटते, आपला संगणक उघड्यावर पडला आहे. बहुतेक वेळा दोघांचाही समज चुकीचा असतो.

उत्तर आधीच सांगून टाकलेले बरे. ज्या घरात विंडोज 11 चालणारा, अधिकृत परवान्याचा आणि वेळच्या वेळी अपडेट होणारा संगणक आहे, त्या घराला अँटीव्हायरस विकत घेण्याची गरज नाही. अँटीव्हायरस हवाच, पण तो संगणकाबरोबर आलेला असतो आणि न सांगता चालू असतो. मायक्रोसॉफ्ट डिफेंडर असे त्याचे नाव. मॅकवाल्यांकडेही अ‍ॅपलचा एक्सप्रोटेक्ट 2009 पासून असाच गुपचूप काम करतो. या उत्तराचा दुसरा भाग मात्र दुकानदार सांगत नाही आणि गिऱ्हाईक विचारत नाही. घरच्या संगणकावरून आज जे मोठे नुकसान होते, ते ज्या वाटेने येते त्या वाटेवर फुकटचा काय किंवा विकतचा काय, कुठलाच अँटीव्हायरस पुरा पडत नाही.

विकत घेण्याची सवय लागली ती मात्र रास्त कारणाने. 1986 साली लाहोरच्या बासित आणि अमजद फारुख अल्वी या भावांनी लिहिलेला ‘ब्रेन’ हा आयबीएम पीसीवरचा पहिला व्हायरस मानला जातो. फ्लॉपीच्या सुरुवातीच्या भागात दडून तो एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात जात असे. त्यात या भावांनी स्वतःची नावे, पत्ता आणि फोन नंबरही लिहून ठेवला होता. आजचे चोर इतके सभ्य राहिलेले नाहीत. पुढच्या दशकात फ्लॉपीवरून फिरणाऱ्या व्हायरसांनी भारतातल्या कचेऱ्या आणि क्लासेस हैराण झाले. पुण्यात कैलाश काटकर यांचे कॅल्क्युलेटर आणि संगणक दुरुस्तीचे दुकान होते. दुरुस्तीला येणाऱ्या यंत्रांतले व्हायरस काढण्यासाठी त्यांचे धाकटे बंधू संजय यांनी छोटे प्रोग्राम लिहिले. त्यातूनच क्विक हील उभी राहिली आणि 2016 मध्ये शेअर बाजारात नोंदली गेली. दुरुस्तीच्या दुकानातून एवढा धंदा उभा राहिला, कारण दुखणे खरे होते आणि औषध दुसरीकडे मिळत नव्हते.

विंडोज एक्सपीबरोबर अँटीव्हायरस येतच नसे. पेन ड्राइव्ह लावला की त्यातला प्रोग्राम आपोआप सुरू व्हायचा. कॉलेजचा प्रोजेक्ट छापायला पोराने झेरॉक्सच्या दुकानात ड्राइव्ह न्यावा आणि घरी येऊन पाहावे तर सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट झालेले, हा अनुभव महाराष्ट्रातल्या एका अख्ख्या पिढीने घेतला आहे. त्या काळी अँटीव्हायरसवर खर्च करणारा माणूस शहाणाच होता. पुढे 2011 मध्ये मायक्रोसॉफ्टने जुन्या विंडोजमधलीही ही आपोआप सुरू होण्याची सोय अपडेट पाठवून बंद केली, आणि पेन ड्राइव्हवरून पसरणाऱ्या व्हायरसांचा मोठा आधार गेला. परिस्थिती पालटली, बिलातली ओळ तेवढी राहिली.

डिफेंडरवर अजूनही अनेकांचा विश्वास नाही, त्यालाही इतिहास आहे. मायक्रोसॉफ्टने 2009 मध्ये ‘सिक्युरिटी इसेन्शियल्स’ नावाचा फुकट अँटीव्हायरस दिला आणि 2012 च्या विंडोज 8 पासून तो डिफेंडर या नावाने विंडोजमध्येच मुरवला. सुरुवातीला तो कच्चा होता. जर्मनीतल्या माग्डेबुर्ग येथील एव्ही-टेस्ट ही संस्था जगभरच्या अँटीव्हायरसांची परीक्षा घेते. 2012 च्या अखेरच्या फेरीत तिने इसेन्शियल्सला प्रमाणपत्रच नाकारले होते. दुकानदार ‘विंडोजवाला काही कामाचा नाही हो’ म्हणतो, ते त्या काळचे मत आहे. गेली काही वर्षे त्याच संस्थेच्या चाचण्यांत डिफेंडर पूर्ण गुण किंवा त्याच्या जवळपास मिळवतो आणि महागड्या उत्पादनांच्या रांगेत बसतो.

हा बदल कसा झाला हे कळण्यासाठी अँटीव्हायरस काम कसे करतो ते पाहायला हवे. यात्रेच्या बंदोबस्तावरचा हवालदार डोळ्यासमोर आणावा. त्याच्या खिशात नामचीन पाकीटमारांचे फोटो असतात. चेहरा जुळला की तो धरतो. जुने अँटीव्हायरस एवढेच करत. पण एव्ही-टेस्ट रोज साडेचार लाखांहून अधिक नव्या घातक वा नकोशा प्रोग्रामांची नोंद करते. एवढे फोटो रोज कोणाच्या खिशात मावणार? म्हणून आताचा हवालदार चेहऱ्याबरोबर हातही पाहतो. एखादा अनोळखी प्रोग्राम मिनिटभरात शेकडो फाइली उघडून बदलू लागला, तर त्याचे नाव यादीत नसले तरी तो अडवला जातो. आणि शंका आली की हवालदार वायरलेसवर मुख्यालयाला विचारतो. डिफेंडर इंटरनेटवरून मायक्रोसॉफ्टच्या यंत्रणेकडे संशयित फाइलची चौकशी करतो आणि उत्तर क्षणार्धात येते. मायक्रोसॉफ्टला जगभरच्या विंडोज संगणकांवरून ही माहिती मिळत असते. कितीही मोठ्या अँटीव्हायरस कंपनीला एवढा पसारा जमवणे अवघड आहे.

इथे एक त्रुटी मात्र सांगितली पाहिजे. वायरलेस बंद पडला की हा हवालदार कमजोर होतो. ऑस्ट्रियातील इन्सब्रुकची एव्ही-कम्पॅरेटिव्हज ही संस्था इंटरनेट असताना आणि नसताना अशा दोन्ही परिस्थितींत परीक्षा घेते. इंटरनेट तोडल्यावर डिफेंडरची पकड अनेक स्पर्धकांपेक्षा ढिली पडते, असे तिच्या चाचण्यांत दिसले आहे. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये याने फारसे बिघडत नाही. पण जिथे लॅपटॉपला इंटरनेट मिळते ते मोबाइलच्या हॉटस्पॉटवर, तेही अधूनमधून, आणि फाइली मात्र पेन ड्राइव्हवरून रोज येतात, अशा तालुक्याच्या गावी विकतच्या अँटीव्हायरसची बाजू थोडी वरचढ ठरू शकते. फुकटचे कौतुक करणारे हे सहसा सांगत नाहीत.

‘मग दोन्ही ठेवू या, एकाला दोन बरे’ हा विचार मात्र चालत नाही. दुसरा अँटीव्हायरस टाकला की डिफेंडर आपणहून बाजूला होतो. दोघांनी एकाच वेळी प्रत्येक फाइल तपासायला घेतली तर संगणक कासव होईल, म्हणून ही व्यवस्था. नव्या लॅपटॉपवर बऱ्याचदा एखाद्या कंपनीचा चाचणीपुरता अँटीव्हायरस आधीच टाकून दिलेला असतो. त्याची मुदत संपते, त्याला कोणी काढत नाही आणि घरात निवृत्त झालेला राखणदार दारात खुर्ची टाकून बसलेला असतो. मुदत संपलेला अँटीव्हायरस संगणकातून पुरता काढून टाकावा, मग ‘विंडोज सिक्युरिटी’ हे पान उघडून डिफेंडर सुरू झाल्याची हिरवी खूण पाहावी. दोन मिनिटांचे काम आहे.

विकतचा अँटीव्हायरस घेतल्याने पैशांपलीकडे तोटा काय, असाही प्रश्न रास्त आहे. अँटीव्हायरसला संगणकात सर्वाधिक अधिकार असतात. प्रत्येक फाइल तो उघडतो, काही उत्पादने तर बँकेच्या सांकेतिक संवादातही मधे बसून डोकावतात. इतके अधिकार ज्याच्याकडे, त्याची चूक महागात पडते. गुगलच्या ‘प्रोजेक्ट झीरो’ गटातील संशोधक टॅव्हिस ऑर्मंडी यांनी 2016 मध्ये सिमँटेकच्या उत्पादनांत गंभीर छिद्रे दाखवून दिली. नुसता एक ईमेल येऊन पडला तरी संगणकाचा ताबा जाऊ शकेल, अशी त्यांतली काही होती. 19 जुलै 2024 रोजी क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे जगभरातले सुमारे 85 लाख विंडोज संगणक निळे पडून बंद पडले आणि भारतातल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. ते सॉफ्टवेअर घरगुती नव्हते, पण सुरक्षेच्या नावाने संगणकाच्या गाभ्यात बसलेला प्रोग्राम बिघडला तर काय होते, ते सगळ्यांनी पाहिले.

अव्हास्टचे प्रकरण तर थेट घरगुती ग्राहकांचे. या लोकप्रिय कंपनीची जम्पशॉट नावाची उपकंपनी वापरकर्त्यांची ब्राउझिंगची माहिती, म्हणजे कोण कोणत्या संकेतस्थळावर गेले याचा तपशील, इतर कंपन्यांना विकत होती. 2020 च्या जानेवारीत हे उघडकीला आल्यावर जम्पशॉट बंद झाली. 2024 मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने अव्हास्टला 1 कोटी 65 लाख डॉलर भरायला लावले आणि अशी माहिती जाहिरातींसाठी विकण्यास मनाई केली. पाळत ठेवणाऱ्यांपासून वाचवतो, असे सांगून घरात घेतलेल्या राखणदारानेच घरातल्या गोष्टी बाजारात नेल्या. सगळ्याच कंपन्या असे करतात असे नाही. मायक्रोसॉफ्टही संगणकावरून बरीच माहिती गोळा करते. पण तिच्यावर विश्वास ठेवणे विंडोज वापरणाऱ्याला भागच आहे. मग त्यात आणखी एका कंपनीची भर कशाला, एवढाच मुद्दा.

खरी गोष्ट पुढेच आहे. ‘व्हायरस’ या शब्दाने आपली समजूत घडवली. आजार हवेतून येतो, माणसाचा त्यात दोष नसतो, लस टोचली की काम झाले. फ्लॉपीच्या काळात ही उपमा चपखल होती. आज मात्र घातक प्रोग्राम बऱ्याचदा दार फोडून येत नाही. घरातलाच कोणीतरी कडी काढून त्याला आत घेतो.

सर्वांत रुंद दार फुकटच्या सॉफ्टवेअरचे. विकतचे फोटो एडिटिंगचे, डीटीपीचे, हिशोबाचे सॉफ्टवेअर ‘क्रॅक’ करून वापरण्याची आपल्याकडे कोणाला लाज वाटत नाही. विंडोजही तसेच. पाचशे रुपयांत विंडोज टाकून देणारा ओळखीतला मुलगा प्रत्येक गल्लीत असतो. या क्रॅकबरोबर सूचना येते: ‘आधी अँटीव्हायरस बंद करा, तो याला उगीच व्हायरस समजतो.’ आणि माणूस आज्ञाधारकपणे तो बंद करतो! केएमएसपिको हे बिनपरवान्याचे विंडोज ‘अधिकृत’ करून देणारे साधन. त्याच्या नावाने फिरणाऱ्या फाइलींतून क्रिप्टबॉट हा माहितीचोर पसरवला जात असल्याचे रेड कॅनरी या सुरक्षा कंपनीने 2021 मध्ये दाखवले. घरगुती संगणकांवर सर्वाधिक आढळलेल्या खंडणीखोर प्रोग्रामांपैकी एक म्हणजे स्टॉप किंवा डीजेव्हीयू. त्याचाही मुख्य रस्ता क्रॅकचाच. एका रात्रीत लग्नाचे फोटो, प्रबंधाची प्रकरणे, दुकानाचे हिशोब कुलूपबंद होतात आणि पडद्यावर डॉलरमधली मागणी झळकते. अशा घरात महागडा अँटीव्हायरस असता तरी काय झाले असते? तोही बंदच केला गेला असता.

दुसरे दार अधिक नवे आणि अधिक चलाख. एखाद्या संकेतस्थळावर ‘आपण यंत्रमानव नाही हे सिद्ध करा’ अशी ओळखीची चौकट येते. यावेळी त्यात ट्रॅफिक सिग्नल ओळखायचे नसतात. ‘विंडोजचे बटण आणि आर दाबा, मग कंट्रोल आणि व्ही, मग एंटर’ अशी सूचना असते. पानाने आधीच एक आज्ञा गुपचूप कॉपी करून ठेवलेली असते. त्या तीन टप्प्यांत माणूस स्वतःच्या हाताने ती आज्ञा संगणकाला देतो. 2024 पासून ही युक्ती जगभर फोफावली आहे. अँटीव्हायरस कधी ती पकडतो, कधी नाही, कारण संगणकाच्या दृष्टीने मालकानेच हुकूम दिलेला असतो.

या वाटेने आत येणारे माहितीचोर फाइलींना कुलूप लावत बसत नाहीत. ते ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड उचलतात आणि त्याबरोबर ‘कुकी’ नावाची छोटी नोंद उचलतात. देवळाबाहेर चपला ठेवल्यावर जो बिल्ला मिळतो, तसा हा बिल्ला. एकदा पासवर्ड आणि ओटीपी देऊन आत गेलेल्या माणसाला संकेतस्थळ तो देते, म्हणजे पुन्हा पुन्हा विचारायला नको. बिल्ला दाखवणारा कोण, हे चपलावाला विचारत नाही. चोरट्याने तो दाखवला की ईमेलचे खाते उघडते आणि ओटीपी कोणाकडे जातच नाही. लुमा हा अशा माहितीचोरांतला बडा असामी. 2025 च्या मे महिन्यात मायक्रोसॉफ्टने न्यायालयातून त्याच्यावर कारवाई केली, तेव्हा 16 मार्च ते 16 मे या दोन महिन्यांत 3 लाख 94 हजारांहून अधिक विंडोज संगणकांना त्याची बाधा झाल्याचे तिने जाहीर केले. तोवर या माहितीचोराचे नाव सुरक्षा क्षेत्रात सर्वांना ठाऊक होते.

तिसऱ्या दारावर तर अँटीव्हायरसच्या नावाची पाटीच लावलेली असते. ‘तुमच्या संगणकात 5 व्हायरस सापडले’ अशी किंचाळणारी खिडकी, सोबत भोंगा आणि एक फोन नंबर. किंवा आपण कधी न घेतलेल्या अँटीव्हायरसचे नूतनीकरण झाले, शेकडो डॉलर खात्यातून वजा होतील, नको असेल तर फोन करा, असा ईमेल. अमेरिकेत मुलाकडे राहायला गेलेल्या आईवडिलांना हे ईमेल चांगलेच ठाऊक आहेत. फोन केला की पलीकडचा ‘तंत्रज्ञ’ संगणक दुरून हाताळण्याचे सॉफ्टवेअर टाकायला सांगतो. ते सॉफ्टवेअर अधिकृत असते, कंपन्या रोज वापरतात, म्हणून अँटीव्हायरस त्याला अडवत नाही. हा धंदा करणारी अनेक कॉल सेंटरे भारतातच सापडली. ऑक्टोबर 2023 मध्ये सीबीआयने ‘ऑपरेशन चक्र-2’ मध्ये टाकलेल्या छाप्यांमागे मायक्रोसॉफ्ट आणि अ‍ॅमेझॉन यांच्या तक्रारीही होत्या. ‘डिजिटल अरेस्ट’मध्ये तर संगणकात एकही घातक फाइल नसते. व्हिडिओ कॉलवर खाकी गणवेश दिसतो आणि निवृत्त माणूस आयुष्याची पुंजी स्वतः बँकेत जाऊन वळती करतो. त्याच्या लॅपटॉपवरची हिरवी खूण शेवटपर्यंत हिरवीच राहते.

म्हणून बिलातल्या त्या ओळीचा खरा तोटा हजार रुपयांचा नाही. पैसे भरले, आता लक्ष द्यायला नको, ही भावना ती विकते. दुचाकीचा विमा काढला म्हणून हेल्मेट घरी ठेवणाऱ्या माणसासारखे हे झाले.

विंडोज 10 चालवणाऱ्या जुन्या संगणकांचे काय, हा प्रश्न सध्या सर्वांत अडचणीचा आहे आणि दुकानदारांना सर्वांत सोयीचा. 14 ऑक्टोबर 2025 रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 चा आधार थांबवला. बरेच जुने लॅपटॉप विंडोज 11 च्या अटींत बसत नाहीत. ‘आता तर अँटीव्हायरस पाहिजेच’ हे वाक्य अशा वेळी पटकन पटते. पण अँटीव्हायरस आणि अपडेट या वेगळ्या गोष्टी आहेत. अपडेट भिंतीची फट बुजवतो, अँटीव्हायरस त्या फटीतून कोण आत आले ते शोधतो. डिफेंडरची यादी विंडोज 10 वर ऑक्टोबर 2028 पर्यंत ताजी होत राहील, असे मायक्रोसॉफ्टने सांगितले आहे. म्हणजे राखणदार मिळेल, भिंतीची डागडुजी होणार नाही.

डागडुजीचे मोल 2017 मध्ये कळले. वॉनाक्राय या खंडणीखोर प्रोग्रामने 12 मे रोजी दीडशेहून अधिक देशांत धुमाकूळ घातला, ब्रिटनमधल्या सरकारी रुग्णालयांचे कामकाज विस्कळीत केले. तो ज्या फटीतून पसरला ती बुजवणारा अपडेट मायक्रोसॉफ्टने 14 मार्चलाच दिलेला होता. जवळजवळ दोन महिने हाताशी असूनही अनेकांनी तो घेतला नव्हता. महिना-दीड महिन्याने, 27 जूनला, त्याच फटीचा उपयोग करणाऱ्या नॉटपेट्याने मर्स्क या जहाज कंपनीला गाठले आणि त्याचा फटका उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील तिच्या समूहाच्या टर्मिनललाही बसला.

तेव्हा विंडोज 10 वाल्यांनी अँटीव्हायरसच्या आधी मायक्रोसॉफ्टच्या वाढीव सुरक्षा अपडेटसाठी नाव नोंदवावे. घरगुती वापरकर्त्यांसाठी ही सोय ऑक्टोबर 2026 पर्यंतची आहे आणि मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन करून सेटिंग्ज सिंक ठेवल्यास तिला पैसे पडत नाहीत. त्यानंतर त्या यंत्रावर लिनक्स टाकावे, नाहीतर बँकेचे व्यवहार तरी त्यावरून करू नयेत. अजून विंडोज 7 चालवणाऱ्यांना 2020 पासून अपडेट मिळालेले नाहीत. तिथे कितीही नामांकित अँटीव्हायरस म्हणजे दार मोडक्या घराला लावलेला किमती कॅमेरा.

मग विकतचा घ्यावा कोणी? वर सांगितलेले अधूनमधून इंटरनेट असणारे घर हे एक. घरातच सीए, वकिली किंवा डॉक्टरीचे काम चालते, दुसऱ्यांची कागदपत्रे संगणकावर असतात, त्यांनी घेतला तर समजण्यासारखे आहे. आणि एकटे राहणारे ज्येष्ठ नागरिक. अडचण आली तर मराठीत बोलणारा, खरा, कंपनीचा माणूस फोनवर मिळत असेल, तर त्या सेवेसाठी दिलेले पैसे वाया गेले म्हणवत नाही. फक्त आपण फोनवरची मदत विकत घेतो आहोत, अभेद्य कवच घेतलेले नाही, हे ठाऊक असावे. व्हीपीएन, ‘संगणक वेगवान करणारे’ साधन, पासवर्डची तिजोरी असे गाठोडे बांधून किंमत फुगवणाऱ्या योजना कोणालाच नकोत.

उरलेल्यांनी तेच पैसे बाह्य हार्ड डिस्कसाठी बाजूला काढावेत. आपल्याकडे ‘सी ड्राइव्हमधले डी ड्राइव्हमध्ये टाकले’ म्हणजे बॅकअप झाला, अशी जुनी आणि घातक समजूत आहे. बहुतेक घरगुती संगणकांत सी आणि डी हे एकाच डिस्कचे दोन कप्पे असतात. डिस्क बिघडली तर दोन्ही जातात, आणि खंडणीखोर प्रोग्राम दोन्हींना कुलूप लावतो. महिन्यातून एकदा हार्ड डिस्क जोडावी, फाइली उतरवाव्यात आणि ती काढून कपाटात ठेवावी. जोडलेलीच राहिली तर तिलाही कुलूप लागेल. दुसरे काम पैशांशिवायचे. रोजच्या वापराचे खाते प्रशासक अधिकारांचे नसावे, विशेषतः मुले गेमच्या फाइली उतरवतात त्या संगणकावर. काहीही नवे टाकताना मग पासवर्ड विचारला जातो आणि विचारला गेला की माणूस क्षणभर थांबतो.

एवढे करूनही घात झालाच, तर घाईत एक चूक बहुतेकांकडून होते. शंका येताच लोक त्याच संगणकावर बसून पासवर्ड बदलू लागतात आणि चोराच्या हातात नव्या किल्ल्या ठेवतात. आधी इंटरनेट तोडावे. दुसऱ्या, स्वच्छ यंत्रावरून पासवर्ड बदलावेत, ईमेलचा सर्वांत आधी, आणि ‘सर्व ठिकाणांहून बाहेर पडा’ हा पर्याय निवडावा, म्हणजे चोरलेले बिल्ले बाद होतात. पैसे गेले असतील तर 1930 या क्रमांकावर लगेच फोन करावा. रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवली जाण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच असते. केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या संकेतस्थळावर सफाईची साधने फुकट मिळतात. फाइलींना कुलूप लागले असेल तर युरोपोल आणि डच पोलिसांच्या पुढाकाराने 2016 मध्ये सुरू झालेल्या ‘नो मोअर रॅन्सम’ या प्रकल्पाकडे काही जुन्या प्रकारांच्या किल्ल्या विनामूल्य मिळतात, त्या आधी तपासाव्यात. आणि गल्लीतला तो ओळखीचा मुलगा ‘फॉरमॅट मारून देतो’ म्हणाला, तर तक्रार नोंदवून होईपर्यंत त्याला थांबवावे, कारण फॉरमॅटबरोबर पुरावाही जातो.